अंमळनेरचा वर्ग आणि धुळ्याचा तुरुंग

फिलिपाईन्स देशात होसे रिझाल यांच्या १८८७ सालच्या कादंबरीचे अध्यापन १९५६च्या कायद्याने विद्यालयांवर बंधनकारक झाले. खानदेशात मात्र असा कोणताही सरकारी हुकूम नसताना ग्रंथ आणि विद्यार्थी यांचे नाते जडविले ते १९२४ साली अंमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून दाखल झालेल्या साने गुरुजींनी. वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ ते स्वहस्ते लिहीत. १९३० साली राजीनामा देऊन ते सत्याग्रहात उतरले. आणि १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी विनोबा गीतेचा एकेक अध्याय बंदिवानांना उलगडून सांगत असता, हाच शिक्षक विद्यार्थ्याच्या निष्ठेने ते सारे टिपून घेत राहिला, ही घटना मला खानदेशच्या शैक्षणिक इतिहासातील सर्वांत तेजस्वी वाटते. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली. न्हाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये असा हट्ट धरणाऱ्या श्यामसाठी आई धोंडीवर लुगड्याचे ओचे पसरते, तो प्रसंग जळगाव-धुळ्याच्या वर्गांत शिकविताना शिक्षकाने व्याकरण आणि प्रश्नोत्तरे बाजूस ठेवून संथपणे, सलग वाचावा. तो लिहिणारा माणूस याच मुलखातील मुलांपुढे सहा वर्षे उभा राहिलेला होता.