भाईकाकांची गिटार आणि दोन मिलिमीटर

चवथीच्या दुसऱ्या दिवशी, पंचखाद्य खाऊन सगळे सुस्तावलेले असताना पुतण्या हळूच म्हणाला, "काका, सुताराकडे जाऊन येतो. गिटारीचं लाकूड थोडं कापून घ्यायचं आहे."

गिटार म्हणजे आमच्या भाईकाकांची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेजारच्या एका तारवट्याकडून घेतलेली, जपानी बनावटीची, काळी. ती गळ्यात अडकवून भाईकाका पाच-सहा वर्षे लग्नांच्या बॅण्डात वाजवत होते. आमच्या घरात भजनाची पेटी आणि मृदंग होता, त्यामुळे ही "पाव्यांची वस्तू" आजोबांना कधीच रुचली नाही. (पेटी तरी कुठे आपली! तीही युरोपातूनच आली आणि १९४० साली आकाशवाणीने तिला बाहेरचा रस्ता दाखवला होता. पण आजोबांपुढे हे बोलणार कोण?) भाईकाका जाऊन आता दोन वर्षे झाली. कापलेले लाकूड पुन्हा भरून येत नाही, म्हणून मी पुतण्याला म्हटले, दोन दिवस थांब, मला आधी समजून घेऊ दे.

भानगड अशी होती. गिटारीच्या ब्रिजजवळचा पिकअप मुका झाला होता. पुतण्याने पहिल्या पगारातून नवा मागवला. तो खाचेत व्यवस्थित बसला, पण वरून पाहिले तर कडेच्या दोन्ही तारा पिकअपच्या स्क्रूंवर येतच नव्हत्या, बाहेरून जात होत्या. दुकानदार परत घेईना. मग पुतण्याला आठवला एडी व्हॅन हेलन. १९७८ च्या त्याच्या पहिल्या अल्बमच्या सुमारास त्याने स्वतः जोडलेल्या गिटारीत पिकअप तिरका बसवलेला होता, तारा जुळाव्यात म्हणून. आपणही तिरका बसवू, त्यासाठी खाच वाढवू, असा एकंदर बेत.

आता पिकअप म्हणजे काय, तर लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व तेच, दुसरे काही नाही. त्याचा गिटारीसाठी उपयोग व्हायला मात्र बरोबर शंभर वर्षे गेली. १९३१ मध्ये लॉस एंजेलिसला जॉर्ज बोशाँ आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी एक गिटार केली. दिसायला थेट तळणीच्या तव्यासारखी, आणि लोक तिला "फ्राइंग पॅन"च म्हणत. तिच्यात घोड्याच्या नालासारखे दोन चुंबक होते आणि तारा चक्क त्या नालांच्या आतून जात. ही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार. आपल्याकडे व्हॅन शिपलेच्या सिनेसंगीताच्या तबकड्यांतून जी ऐकू यायची, ती ह्याच कुळातली.

पुढे १९३६ मध्ये गिब्सनने ईएस-१५० काढली. तिच्या पिकअपमध्ये सहा तारांखाली मिळून पोलादाची एकच लांब पट्टी होती. तार थोडी इकडे सरकली काय, तिकडे सरकली काय, खाली पट्टी आहेच. म्हणजे आमच्या घरातली भानगड त्या काळी उद्भवलीच नसती! ती आली प्रत्येक तारेला स्वतंत्र टोक देण्याच्या पद्धतीबरोबर. तिच्यात फायदा असा की एकेका तारेचा आवाज कमीजास्त करता येतो. १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमध्ये सहा चुंबकांची उंची मुद्दाम वेगवेगळी ठेवली होती. तेव्हा तिसरी तार गुंडाळलेली, जाड असे, म्हणून तिच्याखालचा चुंबक उंच. नंतर लोक तिथे साधी तार लावू लागले आणि तीच तार नको तेवढी बोलू लागली.

गिटारीच्या तारा समांतर नसतात, हे मला ठाऊकच नव्हते. वर खुंट्यांकडच्या नटवर त्या जवळजवळ असतात आणि ब्रिजकडे येताना पंख्यासारख्या पसरतात. ऑफिसातली स्टीलची फूटपट्टी आणून मी मोजले. कडेच्या दोन तारांमधले अंतर नटवर ३५ मिलिमीटर, ब्रिजवर ५४. मधली लांबी ६४८. पिकअप ब्रिजपासून ४० मिलिमीटरवर. त्रैराशिक मांडले तर पिकअपवर तारांचा पसारा जवळपास ५३ येतो. नव्या पिकअपचे कडेचे स्क्रू एकमेकांपासून ४९ वर. म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर फरक.

हे ४९ कुठून आले? गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये गुणगुण मारणारा दुहेरी पिकअप पेटंटसाठी दाखल केला. दोन वेटोळी उलटसुलट जोडली की ट्यूबलाइट आणि ट्रान्सफॉर्मरची घूं-घूं एकमेकींना खाऊन टाकते. हाच हंबकर. त्याचे माप गिब्सनच्या ब्रिजला धरून. फेंडरचा ब्रिज मात्र रुंद, ५६ च्या आसपास. दोन वेगळ्या घरांतली मापे, आणि सत्तरच्या दशकात पोरांनी एकाचा पिकअप उचलून दुसऱ्याच्या लाकडात घातला. त्यातच १९७९ मध्ये फ्लॉइड रोझला त्याच्या कुलूपबंद ब्रिजचे पेटंट मिळाले. तोही रुंद, आणि पुढच्या दशकात अनेक जपानी गिटारींवर तसलाच ब्रिज दिसू लागला. मग पिकअप करणाऱ्यांनी ५१ ते ५३ मिलिमीटरचे वेगळे मॉडेल काढले. डिमार्झियोने त्याला "एफ-स्पेस्ड" म्हटले, सेमूर डंकनने "ट्रेमबकर". पुतण्याने मागवताना ते एक अक्षर पाहिलेच नव्हते. आमच्या खात्यात फॉर्मवरचा एक रकाना कोरा राहिला की फाईल परत येते, तसलाच प्रकार.

मग मी बंद ट्रंकेतून भाईकाकांचा मुका पिकअप काढला आणि मोजला. ५१! जपानी कारखान्याने नीट हिशेब करूनच बसवला होता.

आता तिरक्या बेताचे. पुतण्याला वाटत होते, तिरका केला की रांग लांबते. मी कागदावर दोन समांतर रेघा मारल्या आणि त्यांमध्ये पट्टी बसवली. पट्टी तिरकी केली की ती कमी रुंदी व्यापते, जास्त नाही. मग व्हॅन हेलनचे कसे जुळले? पिकअप दुहेरी असल्यामुळे. तिरका केल्यावर एक वेटोळे एका बाजूला सरकते, दुसरे दुसऱ्या बाजूला. जाड तार एकाच्या टोकावर येते, बारीक तार दुसऱ्याच्या. म्हणजे कडेच्या प्रत्येक तारेला निम्मेच माप मिळते आणि उरलेल्या निम्म्यात ती आधीपेक्षाही जास्त बाहेर जाते. पुतण्या कागदाकडे बराच वेळ बघत बसला.

"मग ह्या दोन मिलिमीटरचं काय करायचं?"

"आधी वाजवून तर बघ," मी म्हटले.

संध्याकाळी आरतीनंतर बलकांवात अॅम्प्लिफायर लावला. पिकअप सरळच बसवला होता, जुन्याच स्क्रूंवर. चुंबकाचे क्षेत्र काही सुईच्या टोकासारखे नसते, ते आजूबाजूला पसरते. जाड तारेत मला काही फरक कळला नाही. बारीक तार जराशी पातळ वाटली, आणि तीही बोटाने कडेकडे ओढली तरच. पुतण्याने तिच्याखालचा स्क्रू दीड फेरा वर घेतला. मग त्यालाही ती तक्रार करण्यासारखी वाटेना. डोळ्यांना मात्र ते वाकडेच दिसते, आणि मला वाटते अर्धी भांडणे तिथलीच.

जुना पिकअप पुन्हा बांधून मिळतो का, म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलो तेव्हा पंख्यांच्या मोटरी बांधणाऱ्याला विचारले. त्याने आतली तार नखावर धरून पाहिली आणि हसला. एवढी बारीक तार त्याच्याकडे नव्हती. ती कुठे मिळेल, हे पुतण्या आता शोधतो आहे. तोवर तो पिकअप बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला आहे, भाईकाकांच्या सुपाऱ्यांच्या वहीशेजारी. वहीत फेब्रुवारीतल्या एका लग्नापुढे त्यांनी लिहिले आहे : "तिसरी तार तुटली, पैसे पूर्ण मिळाले."