क्वांटम सिद्धान्तातील गुप्त चलराशी

नाणे उडवल्यावर छाप पडेल की काटा, हे आपण आधी सांगू शकत नाही. मात्र नाण्याचा वेग, फिरकी व हवेचा रोध अचूक ठाऊक असता तर उत्तर गणिताने काढता आले असते. येथील अनिश्चितता केवळ आपल्या अज्ञानातून येते. अणूंच्या जगातही असेच असेल काय? क्वांटम सिद्धान्त कणांविषयी फक्त संभाव्यता सांगतो. तिच्यामागे नजरेआड राहिलेल्या निश्चित राशी असाव्यात, या कल्पनेवर आधारलेल्या मांडणीला ‘गुप्त चलराशींचा सिद्धान्त’ म्हणतात.

अशा राशी संभवतच नाहीत, अशी सिद्धता जॉन फॉन नॉयमान यांनी १९३२ साली मांडली. उलट १९३५ मध्ये आइन्स्टाइन, पोडोल्स्की व रोझेन यांनी क्वांटम सिद्धान्त अपूर्ण असल्याचा युक्तिवाद केला. १९५२ साली डेव्हिड बोम यांनी प्रत्येक कणाला निश्चित स्थान व मार्ग देणारा, तरीही क्वांटम सिद्धान्ताशी जुळणारा पर्याय उभा केला. त्याची किंमत मोठी होती: एका कणावरील मापनाचा परिणाम दूरच्या कणावर तत्क्षणी होतो, हे त्यात मान्य करावे लागते.

हा परिणाम टाळता येईल काय? १९६४ साली जॉन बेल यांनी याचा निवाडा प्रयोगावर सोपवला. दूरस्थ परिणाम नाकारणाऱ्या गुप्त चलराशी मानल्या, तर दोन कणांच्या मापनांतील परस्परसंबंध दाखवणारी एक विशिष्ट संख्या २ च्या पुढे जाऊ शकत नाही. क्वांटम सिद्धान्तानुसार ती सुमारे २.८३ पर्यंत जाते.

या विषयात मुंबईचेही योगदान आहे. बोम यांच्या सिद्धान्तात कणांच्या स्थानांचे वितरण क्वांटम सिद्धान्ताशी जुळते, पण संवेगाचे सर्वसाधारणपणे जुळत नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. एम. रॉय व वीरेंद्र सिंह यांनी १९९५ साली स्थान आणि संवेग दोहोंना समान न्याय देणारी मांडणी केली. पुढे २००२ मध्ये ऑबरसन व माहू यांच्यासह त्यांनी अशा प्रयत्नांची सीमाही दाखवून दिली. एका रेषेवर फिरणाऱ्या दोन कणांच्या स्थान-संवेगाच्या चार जोड्या होतात. त्यांपैकी तीन जोड्यांची वितरणे एकाच वेळी जुळवता येतात; चारही जुळवणे प्रत्येक क्वांटम अवस्थेसाठी शक्य नसते.

प्रयोगांचा कौल क्वांटम सिद्धान्ताच्या बाजूने गेला. १९७२ पासून होत आलेल्या चाचण्यांमधील प्रमुख पळवाटा २०१५ मध्ये बुजवण्यात आल्या. क्लाउझर, आस्पे व झाइलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र यातून बाद झाल्या त्या दूरस्थ परिणाम नाकारणाऱ्या गुप्त चलराशी. बोम यांचा सिद्धान्त नव्हे.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. मापनाचे उत्तर आधीच ठरलेले असते, तर ते चोरून मिळवणेही शक्य झाले असते. बेल यांच्या मर्यादेचे उल्लंघन ही शक्यता रोखते. गुप्त संदेशवहनाच्या काही नव्या पद्धतींची सुरक्षितता त्यावरच उभी आहे.