फर्दापूरचा उतारा

अजिंठ्याच्या घाटाने दख्खनच्या पठारावरून खानदेशाच्या सखल प्रदेशात उतरणारी वाट जेथे सपाटीला लागते, तेथे, लेण्यांपासून दीड-दोन कोसांच्या अंतरावर, फर्दापूर हे गाव आहे. अजिंठ्याविषयी ग्रंथ लिहिणाऱ्या पंडितांनी या गावाला सहसा एका ओळीपेक्षा अधिक जागा दिलेली नाही, आणि ती ओळही बहुधा मुक्कामाच्या सोयीची असते. मला मात्र त्या एका ओळीतच गावाचा खरा इतिहास साठवलेला दिसतो. कारण शेतीच्या खालोखाल या गावाचा पिढीजात धंदा कोणता, असे कोणी विचारले, तर परक्या माणसाला रात्रीपुरता आसरा देणे, हेच उत्तर द्यावे लागेल. आणि आसरा देणाऱ्याने आल्या माणसापुढे प्रथम काय ठेवावे हा प्रश्न, जो आज सुटीत आपल्या घरी पाहुणे उतरवणाऱ्या यजमानांना पडतो, तो या दरीत निदान दोन हजार वर्षे जुना आहे.

त्याचे सर्वांत सविस्तर उत्तर लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या परंपरेनेच लिहून ठेवले आहे. बाराव्या क्रमांकाच्या लेण्यात मधल्या दालनाभोवती बारा कोठड्या असून प्रत्येकीत दगडातच कोरलेले दोन ओटे आहेत. ते पाहताना प्रवाशाला कीव वाटते. इतक्या कठोर शय्येवर निजणाऱ्यांना आतिथ्याच्या नाजूक प्रकारांची काय पर्वा असणार, असे मनात येते. परंतु विनयपिटकातील चुल्लवग्ग या ग्रंथाचे आठवे प्रकरण ज्याने वाचले, त्याचा हा ग्रह टिकणार नाही. नव्याने येणारा भिक्षू दीक्षेने ज्येष्ठ असेल तर विहारातील भिक्षूने त्याच्यासाठी आसन मांडावे, पाय धुण्यासाठी पाणी, पाय टेकण्यासाठी पाट व ते घासण्याचे साधन जवळ ठेवावे, पुढे होऊन त्याच्या हातातील पात्र व चीवर घ्यावे, पिण्याच्या पाण्याविषयी विचारावे, जमल्यास त्याच्या वहाणाही पुसाव्यात, आणि त्या पुसताना आधी कोरडे फडके वापरावे व नंतर ओले, इथपर्यंत तो नियम बारकाईत शिरतो. पाहुणा दीक्षेने कनिष्ठ असेल तर उठण्याचे कारण नाही. पण बसल्या जागेवरूनच पात्र कोठे ठेवायचे, चीवर कोठे, बसायचे कोठे, हे त्याला सांगितलेच पाहिजे. त्यानंतर निवासाची जागा दाखवायची, ती यापूर्वी वापरात होती की रिकामी पडली होती ते सांगायचे, शौचकूप दाखवायचा, पिण्याचे पाणी कोणते व वापरण्याचे कोणते हे सांगायचे, भिक्षेला कोणत्या घरी जावे व कोणत्या घरी जाऊ नये, आणि आत येण्याची व बाहेर पडण्याची संघाने ठरवलेली वेळ कोणती, हेही सांगायचे.

पाहुण्यालाही कर्तव्ये होती. वहाणा काढून झटकाव्यात, छत्री मिटावी, घाई न करता आत यावे. रिकाम्या विहाराच्या दाराशी गेल्यावर आधी ते वाजवावे, क्षणभर थांबावे, कडी काढून दार लोटावे आणि बाहेर उभे राहूनच आत पाहावे. कारण अशाच एका दाराची कडी काढून बेसावधपणे आत शिरणाऱ्या भिक्षूच्या खांद्यावर वरून साप पडल्याची कथा या नियमाच्या मुळाशी सांगितलेली आहे. निघताना लाकडी व मातीची भांडी नीट आवरावीत, दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि जागा कोणाच्या तरी स्वाधीन करूनच वाट धरावी. या सर्व नियमांत मला एक गोष्ट विलक्षण वाटते. पाहुण्याला दिपवून टाकील असे यांत काहीच नाही. अनवाणी किंवा झिजलेल्या वहाणांनी कोसच्या कोस चालून आलेल्या माणसाच्या शरीराचा कोणता भाग अधिक शिणला असेल याचा विचार आधी झाला, आणि स्वागताची रीत त्यावरून ठरली. म्हणूनच पहिले पाणी पिण्याचे नसून पायांवरचे आहे.

त्यानंतर शतके लोटली, लेण्यांतील वस्ती उठली, झाडोऱ्याने दरी झाकून टाकली. परंतु घाटाची वाट चालूच राहिली. मोगलांच्या काळी बुऱ्हाणपूर आणि औरंगाबाद या दोन राजधान्यांमधील राजरस्ता येथूनच जात असल्यामुळे फर्दापूरच्या घाटाला लष्करी महत्त्व आले; १७२० मध्ये निजाम-उल्-मुल्काशी लढण्यासाठी औरंगाबादेहून निघालेला आलम अली खान आपल्या फौजेसह याच घाटाने खाली उतरला होता. औरंगजेब बादशहाने औरंगाबाद ते आग्रा आणि लाहोर ते काबूल या मार्गांवर, जेथे सराया नव्हत्या तेथे, सरकारी खर्चाने पक्क्या सराया बांधण्याचा आणि त्यांच्यासोबत बाजार, मशीद, विहीर व हमाम करण्याचा हुकूम दिल्याचे दरबारी तवारिखांत नमूद आहे. फर्दापूरच्या मोगलकालीन सराईकडे त्या हुकुमाच्या प्रकाशात पाहिले म्हणजे तिचे प्रयोजन स्पष्ट होते. भोवती तट, तटाला लागून कमानदार खोल्यांची ओळ, मध्ये जनावरांसाठी मोकळे पटांगण, आणि सूर्यास्तानंतर बंद होणारा दरवाजा, अशी त्या काळच्या सराईची घडण असे. येथे येणारा उतारू घोड्यावरून वा बैलांच्या तांड्याबरोबर येई. त्याचा शीण पायांचा कमी व भयाचा अधिक होता. घाटात लूट होईल, माल जाईल, जनावर दगावेल, ही त्याची चिंता. ती ओळखूनच सराईने त्याला भिंत दिली, चौकीदार दिला, वैरण दिली. विनयातील प्रेमळ बारकावा त्यात नाही, हे मी मान्य करतो. पण काफिल्यातील शेवटचा बैल आत आल्यावर मागे बंद होणाऱ्या त्या दरवाजाचा आवाज ज्याने ऐकला असेल, त्याच्या दृष्टीने तेवढ्यात सगळे स्वागत झाले असले पाहिजे.

१८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने लेण्यांत पाऊल ठेवले आणि फर्दापूरला निराळ्याच जातीचा पाहुणा मिळू लागला. हा पाहुणा पुढच्या गावी जाण्यासाठी उतरत नव्हता; येथेच यायचे म्हणून तो येत होता, आणि काही वेळा महिनोन्‌महिने राहत होता. लेडी हेरिंगहॅम या विदुषी १९०९ ते १९११ या काळातील हिवाळ्यांत चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आल्या, तेव्हा नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त हे तरुण चित्रकार आणि हैदराबादेकडील सय्यद अहमद व फझलुद्दीन हे त्यांच्या समवेत होते. त्यांचा मुक्काम या परिसरात तंबूंत असे. पुढे निजाम सरकारने पुराणवस्तू खाते स्थापून गुलाम याझदानींच्या देखरेखीखाली लेण्यांची व्यवस्था लावली, आणि औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्यासारख्या कलासक्त संस्थानिकाने १९३२ मध्ये अजिंठ्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. प्रवाशांचा ओघ वाढला. पाचोऱ्याहून जामनेरकडे जाणाऱ्या छोट्या आगगाडीने पहूर गाठायचे आणि तेथून टांग्याने वा मोटारीने फर्दापूरच्या बंगल्यात उतरायचे, हा त्या वेळचा परिपाठ.

डाक बंगल्याच्या आतिथ्याला कायद्याची चौकट होती. दर ठरलेले, नोंदवहीत नाव व हुद्दा लिहिणे आवश्यक, आणि चोवीस तास राहून झालेल्या माणसाने नव्याने येणाऱ्यासाठी जागा मोकळी करावी, असा सर्वसाधारण दंडक. परंतु कोणत्याही नियमावलीत न बसणारी गोष्ट खानसाम्याच्या हाती असे. दिवसभर अंधाऱ्या लेण्यांत मान वर करून चित्रे न्याहाळणाऱ्या माणसाचे डोळे आणि मान दुखतात. त्याला गरम पाण्याची बादली, डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने ठेवलेला कंदील आणि न विचारता आलेला चहा लागतो. सरकारला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते; ज्याने असे शेकडो उतारू पाहिले त्या माणसालाच ते ठाऊक.

या सर्व राजाश्रयी व्यवस्थांच्या शेजारी गावातील घरांची रीत मात्र फारशी बदलली नाही. आल्यागेल्यास आधी गुळाचा खडा व पाण्याचा तांब्या. खडा यासाठी की उन्हातून आलेल्याने रिकाम्या पोटी घटाघटा पाणी पिऊ नये. ओसरीवर घोंगडी वा सतरंजी, उकाड्याच्या दिवसांत अंगणात बाज, जेवणात खानदेशाच्या वाऱ्याने आलेली कळण्याची भाकरी आणि भाजलेल्या वांग्याचे भरीत, निघताना तळहातावर दही. ही रीत या एका गावाची नाही, अवघ्या महाराष्ट्राची आहे. परंतु फर्दापुरात ती परक्यांच्या सतत सहवासात टिकली, म्हणून तिचे मोल मला अधिक वाटते.

आज महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने येथे आहेत, आणि गावागावांतील घरमालकांना आपल्या खोल्या पाहुण्यांसाठी खुल्या करता याव्यात म्हणून महामंडळाने निवास व न्याहारी योजनाही राबवली आहे. खोली भाड्याने देणारा यजमान उशाशी फुले ठेवतो, पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी ठेवतो, फळांची परडी ठेवतो. यांत वाईट काही नाही. जळगावच्या केळ्यांची फणी परडीत असेल तर ती मला विलायती चॉकलेटांहून अधिक शोभते. तरीही कोठल्याही गावी शोभेल अशी वस्तू आणि याच गावी सुचावी अशी वस्तू, यांतला भेद मनात राहतो. आजचा पाहुणा जळगावहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून मोटारीने येतो. त्याचे पाय शिणलेले नसतात, त्याला लुटारूंचे भय नसते. पण खासगी वाहन लेण्यांच्या फाट्यावरील टी पॉइंटवर सोडून पुढचे सुमारे चार किलोमीटर त्याला बसने जावे लागते, हे त्याला ठाऊक नसते. लेण्यांत पायऱ्या किती, पाणी कोठे, दुपारचे ऊन दरीत कसे तापते, हेही नाही. त्याचा शीण अजाणतेपणाचा आहे, आणि त्यावरचे औषध चुल्लवग्गातील यजमान-भिक्षूच्या तोंडी होते: पाणी येथे आहे, आत जाण्याची वेळ ही, परतण्याची ही.

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. रविवारी सायंकाळी दूर देशाहून आलेले एखादे कुटुंब सामान उतरवून घेत असते; उद्या सकाळी उठून थेट लेण्यांकडे जायचे, असा त्यांचा बेत असतो. त्यांना पायरीवरच थांबवून, तांब्या पुढे करून, “उद्या सोमवार आहे, लेणी उघडणार नाहीत, आजची रात्र स्वस्थ झोपा, उद्या वेरूळ पाहून या आणि परवा सकाळी लवकर निघा, मी उठवीन,” असे सांगणारी घरधनीण फर्दापुरात ज्याला भेटेल, त्याचे पाय धुतले गेले असे मी समजेन.