वार : औषधरोध व स्टेरॉइड हॉर्मोने

आईच्या रक्तातील औषधे गर्भापर्यंत पोहोचण्याआधी परतवण्याची वारेची क्षमता व तीवरील स्टेरॉइड हॉर्मोनांचे नियंत्रण. हा रोध पूर्ण नसतो. थॅलिडोमाइड वार ओलांडते, हे १९६१ नंतर जगाला कळले.

यंत्रणा : आईच्या रक्तात बुडालेल्या सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट थराच्या बाह्य पटलावर वाहक प्रथिने असतात. आत शिरू पाहणारा रेणू ती एटीपीची ऊर्जा खर्चून बाहेर टाकतात. त्यांतील पी-ग्लायकोप्रोटीन जुलियानो व लिंग यांना १९७६ मध्ये कोल्चिसीनला न जुमानणाऱ्या हॅमस्टर-पेशींत सापडले. बीसीआरपी हे दुसरे. मधुमेहावरील ग्लायब्युराइड ते परतवते. एमआरपी गटातील प्रथिनेही वारेत आढळतात.

सीएफ-१ उंदीर : या वाणातील काही उंदरांत पी-ग्लायकोप्रोटीनचे जनुक सदोष असते. लँकास व सहकाऱ्यांनी (१९९८) या जनुकाची एकच सदोष प्रत असलेल्या नर-माद्यांचा संकर करून गाभण माद्यांना अ‍ॅव्हरमेक्टिन गटातील एक संयुग दिले. आई तीच, मात्राही तीच. तरी दोन्ही प्रती सदोष असलेल्या सर्व गर्भांची टाळू दुभंगली, दोन्ही प्रती निकोप असलेली भावंडे मात्र बचावली. वारेचा हा थर गर्भाच्या पेशींचा असल्याने हा वाहक-पंप आईच्या नव्हे, गर्भाच्या जनुकांवर ठरतो. पुढील बहुतेक पेशीप्रयोगांपेक्षा हा पुरावा वजनदार आहे.

हॉर्मोने : गर्भारपणात प्रोजेस्टेरोन व इस्ट्रोजेने वाढत जातात, तर मानवी वारेतील पी-ग्लायकोप्रोटीन दिवस भरत येतात तसे घटते. संवर्धित ट्रोफोब्लास्टमध्ये मात्र हीच हॉर्मोने ते वाढवताना दिसली आहेत. ही विसंगती सुटलेली नाही. शिवाय प्रोजेस्टेरोन या पंपाला थेट अडवतेही. बीवो या वारेच्या कर्कपेशींत प्रोजेस्टेरोनने बीसीआरपी वाढते, एकट्या इस्ट्राडायॉलने घटते, दोन्ही एकत्र दिल्यास वाढते. इतर पेशींतील निष्कर्ष वेगळे आहेत.

कॉर्टिसोल या आणखी एका स्टेरॉइड हॉर्मोनाचे बरेचसे निष्क्रियीकरण वारेतील ११-बीटा-एचएसडी-२ हे एन्झाइम करते. डेक्सामेथासोन व बीटामेथासोन ही कृत्रिम स्टेरॉइडे त्याला फारशी बधत नाहीत, म्हणून अकाली प्रसूतीच्या शक्यतेत गर्भाच्या फुप्फुसांसाठी तीच आईला टोचतात (भारतात डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ., दर १२ तासांनी, ४ मात्रा). त्यांचा वाहकांवरील परिणाम प्राण्याची जाती, गर्भवय व मात्रा यांनुसार बदलतो.

लिंगभेद : गर्भाच्या लिंगानुसार हा रोध बदलतो का, याविषयी माहिती त्रोटक आहे.