जुन्या बेस गिटारची साक्ष

एखादी वस्तू जुनी आहे, ह्याला पुरावा काय? हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला जुन्या सनदेपुढे पडतो, सराफाला मोहरेपुढे पडतो. आता तो एका अगदी अर्वाचीन वस्तूपुढेही पडू लागला आहे. ती वस्तू म्हणजे विजेवर चालणारी बेस गिटार. वाचकहो, चित्रपटगीत ऐकताना तालाच्या बरोबरीने, गळ्याच्या खूप खाली, खर्जात जो एक भारदस्त सूर चालत असतो, तो पुष्कळदा ह्या वाद्याचा असतो. कान तिकडे मुद्दाम जात नाहीत. पण तो सूर काढून घेतला, तर सारे गाणे पाया खचल्यासारखे वाटते.

ह्या वाद्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. तरीसुद्धा १९५० ते १९६५ च्या दरम्यान अमेरिकेत तयार झालेल्या अस्सल बेस गिटारसाठी आज हौशी लोक लाखो रुपये मोजतात. अन् जिथे लाखाचा व्यवहार, तिथे बनावट माल आलाच. असे वाद्य विकत घेताना पारखावे कसे, आणि ती पारख इतकी अवघड का, हे आपण पाहू. गंमत अशी की, ती अवघड का ह्याचे उत्तर वाद्याच्या जन्मकथेतच आहे.

पूर्वी वाद्यवृंदात खर्जाचे काम डबल बेस करी. माणसाच्या उंचीहून मोठे असे ते व्हायोलिनच्या कुळातले धूड, उभे राहून वाजवायचे. प्रवासात त्याची कोण अडचण! शिवाय पितळी वाद्ये आणि ड्रम ह्यांच्या गदारोळात त्याचा आवाज बुडून जाई. त्याला पडदे नसतात, त्यामुळे सूर अचूक लागणे हे सर्वस्वी वादकाच्या बोटांवर आणि कानांवर अवलंबून. ही अडचण सोडवण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत सिअॅटल शहरी पॉल टुटमार्क ह्यांनी १९३६ च्या सुमारास केला. आडवी धरून वाजवायची, पडदे असलेली विजेरी बेस त्यांनी बनवली. पण ती फारशी खपली नाही. काळ यायचा होता.

तो आला १९५१ साली, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी. तिथे लिओ फेंडर नावाचे एक गृहस्थ होते. मूळ धंदा रेडिओदुरुस्तीचा; १९३८ पासून त्यांचे तसे दुकान होते. आकाशवाणीच्या पुस्तिकेत हे सांगताना मला विशेष आनंद वाटतो, की ज्याने गिटारच्या दुनियेत एवढी उलथापालथ केली, तो माणूस वादक नव्हता; स्वतः गिटार वाजवायला तो कधी शिकलाच नाही. त्याला ठाऊक होते ते तारा, चुंबक, डाख आणि दुरुस्ती. त्याने बेसला पडदे बसवले, वीस पडदे. डबल बेसची वाजती तार सुमारे ४१-४२ इंच असते, ती त्याने ३४ इंचांवर आणली. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव ठेवले ‘प्रिसिजन बेस’, म्हणजे अचूक बेस.

फेंडर ह्यांचे खरे कौशल्य मात्र दुसरीकडे होते. व्हायोलिन बनवणारा कारागीर मान आणि धड सरसाने असे जोडतो, की ती जन्माची गाठ व्हावी. फेंडर ह्यांनी भरीव लाकडाच्या फळीचे धड घेतले आणि मान त्याला चार स्क्रूंनी आवळली. बस्स! मान वाकली? चार स्क्रू काढा, दुसरी बसवा. पिकअप बिघडला? प्लॅस्टिकची पाटी उचला, दोन डाख सोडवा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यातून निघालेले हे वाद्य होते. म्हणूनच ते कारखान्यात भराभर बनू शकले आणि सामान्य वादकाच्या आवाक्यात आले.

आणि म्हणूनच ते आज पारखायला कठीण झाले आहे. ज्याची मान चार स्क्रूंनी सुटते, त्याला कुठल्याही सालची मान बसते. एखाद्या वाड्याचे वासे बापाने बदलले, कौले मुलाने आणि दरवाजा नातवाने, तर तो वाडा कोणत्या शकातला म्हणायचा? जुन्या बेसपुढे नेमका हाच पेच उभा राहतो. तेव्हा ‘हे वाद्य कोणत्या सालचे?’ हा प्रश्नच आधी बाजूला ठेवावा. विचारावे असे की, ‘ह्याचा कोणता भाग कोणत्या सालचा, आणि हे सारे भाग पहिल्यापासून एकत्र आहेत काय?’

आता एकेक साक्षीदार तपासू.

पहिला साक्षीदार क्रमांक. आरंभीच्या प्रिसिजन बेसवर तो तारांच्या घोडीच्या पत्र्यावर असे; पुढे १९५४-५५ च्या सुमारास तो पाठीमागच्या, मानेचे स्क्रू ज्यातून जातात त्या लोखंडी पट्टीवर आला; १९७६ पासून मानेच्या माथ्यावर. नवखा माणूस हा क्रमांक पाहून साल ठरवतो. पण कारखान्यात पट्ट्या क्रमवार लावल्याच जात नसत. हाताला लागेल ती पट्टी घ्यायची आणि बसवायची. त्यामुळे क्रमांकावरून काळाचा अंदाज येतो, साल ठरत नाही. शिवाय चार स्क्रूंची ती पट्टी. ती बदलायला कितीसा वेळ लागतो?

दुसरा साक्षीदार मानेचे बूड. स्क्रू काढून मान सुटी केली, की तिच्या टोकाला पेन्सिलीने लिहिलेली तारीख पुष्कळदा दिसते. १९६२ पासून तिथे रबरी शिक्का येतो. ही साक्ष मोलाची खरी. पण ती फक्त त्या मानेपुरती. मान तयार झाली आणि काही आठवडे वा महिने पडून राहिली, मग धडाला लागली, असेही घडे. काही मानांवर तारीख मुळीच नसते.

तिसरा साक्षीदार रेडिओवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे: आवाज कमीजास्त करणारा ‘व्हॉल्यूम कंट्रोल’. त्याच्या पत्र्यावर आकडे कोरलेले असतात. समजा, आकडा आहे १३७६३१५. ह्यातला १३७ हा सीटीएस ह्या उत्पादकाचा संकेत. ६३ म्हणजे १९६३ साल. आणि १५ म्हणजे त्या वर्षाचा पंधरावा आठवडा. वाः! ह्याहून स्पष्ट ते काय असणार? पण थांबा. ह्यावरून एवढेच सिद्ध होते, की एप्रिल १९६३ च्या आधी हा भाग ह्या वाद्यात नव्हता. नंतर कितीही उशिरा बसवलेला असू शकतो. फेंडर कारखान्याने १९६६ साली असे भाग इतके घेऊन ठेवले होते, की पुढची काही वर्षे तयार झालेल्या वाद्यांतही ६६ चाच आकडा सापडतो. कागदावरचे पाणचिन्ह कागद केव्हाचा ते सांगते. लेख केव्हाचा ते सांगत नाही. इथेही तसेच. आकड्याबरोबर डाखही पाहावा. जुना डाख मंद, राखी दिसतो आणि कारखान्यातल्या हाताचा सरावलेला असतो. शेजारचे दोन डाख मंद आणि तिसरा चकचकीत, असे दिसले की समजावे, इथे कोणीतरी येऊन गेले आहे.

चौथा साक्षीदार वाद्याचा देह. सुरवातीचे धड सपाट फळीसारखे असे. अंगाला रुतू नये म्हणून १९५४ साली त्याच्या कडा उतरत्या केल्या. १९५७ साली एकसंध पिकअप जाऊन दोन तुकड्यांचा आला. ह्या दोन तुकड्यांच्या उलटसुलट जोडणीमुळे विजेची घरघर परस्पर कटते. १९५९ पर्यंत मान सबंध मेपलची. त्यानंतर तीवर रोजवुडची पट्टी आली. ही पट्टी आधी खालून सपाट आणि जाड होती, १९६२ च्या मध्यापासून ती खालून वळणदार आणि पातळ झाली. १९६० साली निमुळत्या मानेची दुसरी बेस निघाली, ती ‘जाझ बेस’. तिला आरंभी एकावर एक रचलेली दुहेरी बटणे असत. १९६२ च्या सुमारास तीन सुटी बटणे आली. ही सालवारी पाठ असावी. पण सालवारी म्हणजे काही सुरीने कापलेली रेघ नव्हे. जुना साठा संपेपर्यंत जुने भाग नव्या वाद्यात जातच असत.

बाजारात ज्या रेघेचा सर्वांत बोलबाला आहे, ती म्हणजे जानेवारी १९६५. ह्या महिन्यात अमेरिकेतल्या कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम, म्हणजे सीबीएस, ह्या नभोवाणी कंपनीने फेंडरचा कारखाना सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतला. पुढे मालाचा दर्जा उतरला, अशी वादकांची तक्रार; शेवटी १९८५ साली कारखान्यातल्याच मंडळींनी तो सीबीएसकडून परत घेतला. त्यामुळे ‘सीबीएसच्या आधीची’ म्हटले की किंमत एकदम चढते. परंतु विचार करा. मालक बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी कामगारांचे हात बदलले का? तेच लोक, तीच यंत्रे, तेच लाकूड. राज्य बदलले म्हणून गावच्या सुताराचा रंधा बदलत नाही. १९६५ ची चांगली बेस केवळ सालामुळे कमी लेखू नये, आणि १९६४ ची रद्दी केवळ सालामुळे डोक्यावर घेऊ नये.

रोगणाचीही गोष्ट अशीच. साठीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत वरचे रोगण मुख्यतः नायट्रोसेल्युलोजचे असे. ते काळाने पिवळसर होते आणि त्याला केसासारख्या बारीक चिरा जातात. अतिनील दिव्याखाली जुने रोगण हिरवट-पिवळे चमकते, आणि नंतर मारलेला हात पुष्कळदा वेगळा उठून दिसतो. झीजही वाचायला शिकावे. वादकाचा कोपर, अंगठा आणि पट्ट्याचे बक्कल जिथे घासते तिथेच झीज हवी. फेंडरनेच १९८२ पासून जुन्या नमुन्यांच्या नव्या आवृत्त्या काढल्या आणि पुढे मुद्दाम झिजवलेली वाद्येही बाजारात आणली. ती उघडपणे नवी म्हणून विकली जातात, त्यात गैर काही नाही. पण त्यांचेच भाग जुन्या धडावर चढवणारे लोकही आहेत, हे विसरून कसे चालेल?

तात्पर्य, एकटा साक्षीदार कधीच पुरेसा नाही. पट्टी, मान, कंट्रोल, पिकअप, रोगण ह्या सर्वांनी एकमेकांशी जुळणारी जबानी दिली, तरच वाद्य अस्सल. जुन्या मराठी पत्रात शक, तिथी आणि वार जुळत नसला, की अभ्यासक सावध होतो. तसेच एक साक्षीदार १९५८ म्हणतो आणि दुसरा १९६६, तर तिथेच थांबून विक्रेत्याला विचारावे. प्रामाणिक विक्रेता मान सुटी करून दाखवायला नाही म्हणत नाही.

आता इतके सारे झाले, पण वाद्य वाजते का? हे बघायचे राहूनच जाते, बरं का! मान डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीसारखी तिच्यावरून नजर टाकावी. किंचित बाक चालतो, पीळ चालत नाही. मानेच्या पोटात पोलादी सळई असते, तिचे आवळण्याचे टोक जुन्या फेंडरमध्ये बुडाशी असते. ती सळई फिरते की अडकली आहे, हे जाणत्याकडून पाहून घ्यावे. अडकलेली सळई हा सर्वांत महागडा रोग. प्रत्येक पडद्यावर सूर वाजवून पाहावा. पडदे झिजून बदललेले असले, तर घाबरू नये; वाजवलेल्या वाद्याचे पडदे बदलावेच लागतात. आणि परदेशातून वाद्य आणवायचे, तर साठीच्या दशकातल्या पुष्कळ मानांवर ब्राझीलचे रोजवुड आहे, हे ध्यानात ठेवावे. १९९२ पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधने आहेत. योग्य कागदपत्रांवाचून ते सीमेवर अडकू शकते.

मालकीही पाहावी. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रिकांत वाजवणारे जेम्स जेमर्सन ह्यांची १९६२ ची प्रिसिजन बेस १९८३ साली, त्यांच्या मृत्यूच्या थोडे आधी, चोरीस गेली. पॉल मॅकार्टनी ह्यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेली जर्मन हॉफनर बेस १९७२ साली लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेली, आणि पन्नासहून अधिक वर्षांनी इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडली. ती परत मिळाल्याचे फेब्रुवारी १९२४ मध्ये नव्हे, २०२४ मध्ये जाहीर झाले, म्हणजे अगदी कालपरवाची गोष्ट. ती ओळखायला कशाचा आधार होता, ठाऊक आहे? १९६४ च्या सुमारास तिची दुरुस्ती झाली होती. रंग नव्याने दिला होता आणि दोन्ही पिकअप एका लाकडी चौकटीत बसवले होते. अन्य कुठल्याही वाद्याबाबत व्यापारी म्हणाला असता, ‘मूळ स्थिती बिघडली, किंमत कमी.’ इथे तोच बिघाड ओळखीची खूण ठरण्यासारखा होता.

ह्यात एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. बाजार अस्पर्श वाद्याला मान देतो. पण जे वाद्य कोणी वाजवलेच नाही, त्याचा इतिहास तो काय! बदल हा दोष नव्हे. लपवलेला बदल हा दोष. तेव्हा आपण संग्राहक आहोत की वादक, हे आधी मनाशी ठरवावे. संग्राहकाने जुळणाऱ्या साक्षींची पूर्ण किंमत द्यावी. वादकाने नवा रंग दिलेली, पिकअप पुन्हा गुंडाळलेली, पण उत्तम वाजणारी बेस कमी किमतीत खुशाल घ्यावी आणि समाधानाने वाजवावी.

आणि घेतल्यावर एक करावे. जो भाग बदलाल, तो टाकू नका. कागदात गुंडाळून पेटीत ठेवा, आणि त्याबरोबर एक चिठ्ठी: अमुक भाग, अमुक तारखेला, अमुक कारणाने बदलला. फेंडरच्या कारखान्यातल्या कुणा कामगाराने मानेच्या बुडाशी पेन्सिलीने तारीख टाकली, तेव्हा तिला सत्तर वर्षांनी लोक भिंग लावून पाहतील, असे त्याच्या मनातही नसेल. आपल्या चिठ्ठीचाही पुढच्या कुणाला असाच उपयोग होईल.