चौकटीच्या दुकानातून चित्रदालनाकडे

मुंबईच्या आधुनिक चित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी चित्रकारांची चरित्रे, त्यांच्या शैलींची स्थित्यंतरे आणि त्यांच्यातील वादविवाद यांची नोंद मोठ्या आस्थेने केली आहे; परंतु ती चित्रे ज्या भिंतींवर प्रथम टांगली गेली, ज्यांच्या गल्ल्यावर त्यांचा पहिला सौदा झाला आणि ज्यांच्या वहीत चित्रकाराच्या नावे रक्कम जमा झाली, त्या दुकानांची कैफियत मांडण्याचे कष्ट त्या मानाने फार थोड्यांनी घेतले आहेत. व्यापारी चित्रदालन असे म्हटले की सुसंस्कृत वाचकाला किंचित संकोच वाटतो, कलेसारख्या पवित्र वस्तूला बाजाराचा स्पर्श झाला अशी त्याची भावना होते. मला तो संकोच अनाठायी वाटतो. या शहरात नवीन चित्रकलेला आश्रय मिळाला तो दुकानदारांच्या विश्वासावर, आणि त्या विश्वासाचे सर्वांत जुने व सर्वांत उपयुक्त साधन होते अनेक चित्रकारांची कामे एकत्र मांडणारे समूह-प्रदर्शन.

तत्पूर्वीची व्यवस्था निराळी होती. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून 1857 साली कलाशाळा सुरू झाली, 1888 साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली, आणि त्या सोसायटीची वार्षिक प्रदर्शने हा शहराच्या प्रतिष्ठित वर्गाचा एक सोहळा बनला. तेथे परीक्षकमंडळ चित्रे निवडी आणि पदके देई. पदक मिळालेल्या चित्रकाराला पुढे व्यक्तिचित्रांची कामे मिळण्याची आशा असे. अमृता शेरगिल यांना 1937 साली सुवर्णपदक मिळाले ते याच प्रदर्शनात. खरा पैसा मात्र संस्थानिकांच्या खजिन्यातून येत असे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी राजा रविवर्म्यांकडून पौराणिक चित्रे करवून घेतली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, जे स्वतः कुंचला चालवीत, यमाईच्या डोंगरावर आपल्या संग्रहासाठी वस्तुसंग्रहालय उभारून ते 1938 साली खुले केले. अशा आश्रयाखाली चित्रकाराचे पोट भरे, क्वचित त्याला मानही मिळे, परंतु काय रंगवावे याचा निर्णय बहुधा आश्रयदात्याच्या इच्छेवर अवलंबून राही. संस्थाने विलीन झाली तेव्हा हा आधारही गेला, आणि ज्याला कोणी काही रंगवावयास सांगितलेले नाही अशा चित्रकाराने आपले चित्र कोणाला दाखवावे, हा प्रश्न प्रथमच उघडा पडला.

त्याचे उत्तर तोपर्यंत एका चौकटीच्या दुकानात आकाराला येऊ लागले होते. केकू गांधी हे पारशी तरुण केंब्रिजमध्ये शिकत असता सुट्टीत घरी आले आणि दुसऱ्या महायुद्धामुळे परत जाऊ शकले नाहीत. बेल्जियमहून आलेल्या रॉजर व्हान डॅम या गृहस्थाच्या सहवासातून त्यांचा चित्रांच्या चौकटी बनविण्याच्या व्यवसायात प्रवेश झाला, आणि केमोल्ड या नावाने तो व्यवसाय युद्धकाळातच उभा राहिला. त्याच सुमारास मध्य युरोपातील राजकीय संकटामुळे मुंबईत येऊन स्थिरावलेली तीन माणसे या शहराच्या कलाजीवनात लक्षणीय ठरली: टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक झालेले ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, भूगर्भशास्त्र शिकून आलेले आणि त्याच वृत्तपत्रात कलासमीक्षा लिहिणारे रूडी फॉन लेडन, आणि व्हिएन्नाहून आलेले उद्योजक व संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर. एकाने तरुणांना शिकवले, दुसऱ्याने त्यांच्याविषयी लिहिले, तिसऱ्याने त्यांची चित्रे विकत घेतली. चित्रे लावण्यासाठी भिंत तेवढी हवी होती, आणि ती प्रिन्सेस स्ट्रीटवरील केमोल्डच्या दुकानात मिळाली.

चौकट करणाऱ्या कारागिराचे ज्ञान या इतिहासात किती उपयोगी पडले याचा विचार सहसा होत नाही. मुंबईच्या हवेत कागद आणि कापड यांची परीक्षा होते: पावसाळ्यात दमटपणाने जलरंगातील चित्रावर बुरशीचे डाग पडतात, पुठ्ठ्याला बाक येतो, लाकडाला वाळवी लागण्याची भीती असते आणि कागदात कसर शिरते. चित्र काचेला चिकटू नये म्हणून मध्ये किती जाडीचा पुठ्ठा घालावा, पाठीमागून धूळ आणि ओल शिरू नये म्हणून कागद कसा चिकटवावा, रंग अजून ओला असलेल्या तैलचित्राला हात कसा लावावा, ही विद्या ज्याच्याजवळ होती त्याच्याकडे चित्रकाराला जावेच लागे. आणि खिशात पैसे नसताना तो तेथे गेला म्हणजे उधारीचा प्रश्न निघे. चौकटीचे पैसे येणे असताना चित्र दुकानातच राहावे, ते ग्राहकाच्या दृष्टीस पडावे, एखाद्या कुटुंबाच्या छायाचित्राला चौकट करून घ्यावयास आलेल्या माणसाने त्याविषयी चौकशी करावी, आणि पुष्कळ वेळ ते न्याहाळल्यावर त्याने किंमत विचारावी, असा हा व्यवहार स्वाभाविकपणे घडण्याजोगा होता. गांधींनी आपल्या दुकानाच्या दर्शनी भागात आरा, हेब्बर, हुसेन, रझा यांची चित्रे लावण्यास प्रारंभ केला तेव्हा चित्रदालन काढण्याची योजना त्यांच्यापुढे नव्हती. तथापि चित्रांची निवड करणे, ती निगुतीने मांडणे, त्यांची शिफारस करणे आणि त्यांचा हिशेब चोख ठेवणे ही दालनाची चारही कर्तव्ये त्या दुकानात नकळत पार पडू लागली होती.

चित्रकारही एकत्र येत होते. 1947 साली एफ. एन. सूझा यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये रझा, आरा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार सदानंद बाक्रे होते. सूझा गोव्यातील साळगावचे, 'भारत छोडो' आंदोलनातील सहभागापायी कलाशाळेतून काढले गेलेले. हुसेन पंढरपुरात जन्मलेले, सिनेमाचे फलक रंगवून आणि लहान मुलांच्या खेळण्यांचे नमुने काढून गुजराण केलेले. आरा हैदराबादकडून लहानपणीच मुंबईस येऊन घरकाम आणि मोटारी धुण्याचे काम केलेले. गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगावचे, आणि रझा यांचे आरंभीचे शिक्षण नागपूरच्या कलाशाळेत झालेले. जन्म, धर्म, भाषा आणि मिळकत या कोणत्याच बाबतीत साम्य नसलेल्या या सहा जणांनी 1949 साली रॅम्पार्ट रो येथे बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात एकत्र प्रदर्शन भरवले आणि मुल्कराज आनंद यांनी त्याचे उद्घाटन केले. त्यांच्या शैली भिन्न होत्या, आणि तशाच त्या राहिल्या. एका भिंतीवर सहा स्वभाव शेजारी शेजारी लागले असता त्यांतील प्रत्येकाचे वैशिष्ट्य अधिक ठळक होते, हे प्रेक्षकांना या प्रदर्शनाने दाखवून दिले, आणि पुढील व्यापारी दालनांनी नेमके हेच तत्त्व उचलले. गट फार काळ टिकला नाही. सूझा त्याच वर्षी लंडनला गेले, रझा 1950 मध्ये पॅरिसला, आणि पुढे गायतोंडे, कृष्ण खन्ना, सामंत यांसारखे चित्रकार गटाशी जोडले गेले तरी 1956 च्या सुमारास तो संपला.

मध्यंतरी शहराला एक सार्वजनिक दालन मिळाले. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून, प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाच्या आवारात, जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली आणि 1952 च्या जानेवारीत मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते ती खुली झाली. या वास्तूचे उपकार निःसंशय मोठे आहेत. तथापि तिचा शिरस्ता भाड्याचा होता. चित्रकाराने मुदतीपुरती जागा भाड्याने घ्यावी, निमंत्रणपत्रिका छापाव्यात, चित्रे वाहून आणावीत, स्वतः भिंतीवर चढवावीत, दिवसभर दाराशी बसून आल्यागेल्याचे स्वागत करावे, आणि विक्री न झाल्यास सर्व खर्च आपल्याच माथी घेऊन चित्रे परत न्यावीत. दालनात काही विपरीत घडले तर त्याची झळही प्रायः त्यालाच लागे. 1954 साली अकबर पदमसी यांच्या प्रदर्शनातील दोन चित्रांना पोलिसांनी अश्लील ठरवले आणि ती काढून टाकण्यास पदमसींनी नकार दिला, तेव्हा खटला चालला तो चित्रकारावर. ते त्यात निर्दोष सुटले, परंतु दोन चित्रे भिंतीवर ठेवण्यासाठी एका तरुणाला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

हा भार वाटून घेणारा कोणी तरी मध्यस्थ असावा, या गरजेतून व्यापारी दालने निघाली. दिल्लीत धूमीमल आणि कुमार या पेढ्यांनी हा पेशा आधीच पत्करला होता. मुंबईत चित्रपटव्यवसायातून चित्रकलेकडे वळलेले बाळ छाबडा यांनी वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत 1959 साली 'गॅलरी 59' काढली. ज्या वास्तूत हुसेन आणि गायतोंडे रंगवीत बसत, नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींचे नाटक उभे राही आणि पंडित रविशंकरांचे संगीताचे शिक्षण चाले, तेथेच चित्रविक्रीचे दालन असावे यात मोठे औचित्य होते, परंतु ग्राहक मूठभर असल्याने ते अल्पजीवी ठरले. 1963 साली मात्र दोन पेढ्या एकाच वर्षी उघडल्या: काली पंडोल यांचे फ्लोरा फाउंटनजवळचे दालन, आणि केकू व खोर्शेद गांधी यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर लहानशा जागेत सुरू केलेली गॅलरी केमोल्ड. त्या दोन्ही टिकल्या. भाड्याऐवजी विक्रीतील ठरावीक हिस्सा घ्यावयाचा, म्हणजे चित्र विकले गेले नाही तर दालनालाही काही मिळणार नाही, हा त्यांचा करार होता. आणि माझ्या दृष्टीने नैतिक फरक येथेच पडतो, कारण भाडे घेणाऱ्याला चित्र कसे आहे याची फिकीर असण्याचे कारण नसते, परंतु हिस्सा घेणाऱ्याला आपल्या पारखेवर स्वतःचे भांडवल पणाला लावावे लागते.

अशा दालनाच्या जमाखर्चात समूह-प्रदर्शनाचे स्थान मध्यवर्ती होते. एकट्या चित्रकाराच्या प्रदर्शनासाठी वर्षदोन वर्षांचे काम साठावे लागते, तर समूह-प्रदर्शन दालनाच्या साठ्यातून आणि मित्रमंडळींच्या देवघेवीतून उभे करता येते. म्हणून हिवाळ्यातील मुख्य हंगाम नामवंतांच्या स्वतंत्र प्रदर्शनांना देऊन, पावसाळ्यातील मंदीचे महिने समूहाने भरून काढण्याचा रिवाज पडला. नवख्या चित्रकाराचे एखादे काम हुसेनांच्या शेजारी लावले की हुसेन पाहावयास आलेला माणूस तेथेही क्षणभर थांबे, आणि त्या थांबण्यावर पुष्कळांची पुढील कारकीर्द अवलंबून असे. अर्थात ही मांडणी सोपी नाही. गायतोंड्यांच्या शांत पृष्ठभागाशेजारी भडक रंगाचे आकृतिप्रधान चित्र लावले तर एक मुके होते आणि दुसरे कर्कश. चित्रांचा मध्य उभ्या माणसाच्या दृष्टिरेषेवर ठेवणे, दोन चित्रांमध्ये पुरेशी कोरी भिंत सोडणे, खिडकीचा उजेड काचेवर पडू न देणे, दारातून प्रथम दिसणारी जागा कोणाला द्यावी याचा निर्णय घेताना थोरांचा मान आणि भिंतीचा तोल दोन्ही सांभाळणे, हे काम करणाऱ्याचे नाव पत्रिकेवर त्या काळी क्वचितच छापले जाई. ज्याची चित्रे कोपऱ्यात लागली त्याची नाराजी सोसणे हाही त्याच कामाचा भाग होता. वृत्तपत्रातील समीक्षक दोन ओळींत उल्लेख करून मोकळा होई. परंतु ग्राहकाची दृष्टी तयार झाली ती अशा मांडणीतून, तुलनेतून.

समकालीन कोणाला म्हणावे, या प्रश्नावरही एका व्यापारी दालनानेच धाडसाचे उत्तर दिले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रे 1975 साली गॅलरी केमोल्डमध्ये लागली. वारली लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणे हा सवाशिणींचा अधिकार. मशे यांनी पुरुष असून, आणि लग्नविधीच्या बाहेर, नित्य रेखाटण्यास आरंभ केला होता, आणि चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या हाती त्यांचे काम पडल्यावर ते कागदावर उतरून शहरात आले. शासनाच्या दृष्टीने हे हस्तकलेचे नमुने होते. ज्या भिंतीवर तय्यब मेहता, भूपेन खक्कर, प्रभाकर बरवे यांची चित्रे लागली, तीच भिंत मशे यांना त्यांच्या नावासह देण्यात आली, आणि त्यामुळे एका जमातीच्या निनावी कलेतून एक चित्रकार स्वतंत्र व्यक्ती म्हणून पुढे आला. पुढे वारली चित्रे चादरींवर आणि चहाच्या कपांवर छापून कोणीही विकू लागले, मूळ हातांना त्यातून काहीही पोहोचले नाही, हे पाहिले म्हणजे चित्रकाराचे नाव आणि त्याचा हिस्सा वहीत लिहिणाऱ्या दुकानाचे महत्त्व मला अधिकच जाणवते.

1981 साली भूपेन खक्कर, सुधीर पटवर्धन, नलिनी मलानी, विवान सुंदरम, गुलाममोहम्मद शेख आणि जोगेन चौधुरी या सहा जणांनी 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन मुंबईत जहांगीरमध्ये आणि दिल्लीत रवींद्र भवनात मांडले. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या पटवर्धनांच्या चित्रांतील कामगार आणि रेल्वेप्रवासी हे याच महानगराचे रहिवासी होते, आणि साधारण माणसाला पुन्हा चित्राच्या मध्यभागी आणण्याचा हा सामूहिक आग्रह 1949 च्या प्रदर्शनाइतकाच परिणामकारक ठरला असे मी मानतो. त्यानंतरच्या काळात किमती चढल्या. 2002 साली तय्यब मेहतांचे 'सेलिब्रेशन' परदेशातील लिलावात दीड कोट रुपयांहून अधिक किमतीला गेले, आणि चित्र ही गुंतवणूक आहे अशी भाषा सर्रास ऐकू येऊ लागली. लिलावाचा हातोडा आधीच सिद्ध झालेल्या नावावर पडतो. जे नाव अद्याप कोणाला ठाऊक नाही, ते भिंतीवर लावण्याचा धोका आजही दालनालाच पत्करावा लागतो.

केमोल्ड 2007 साली जहांगीरचा जिना सोडून फोर्टमधील प्रेस्कॉट रोडवरच्या प्रशस्त जागेत गेली, गांधींच्या कन्येच्या देखरेखीखाली. केकू गांधी 2012 मध्ये निवर्तले. या पेढ्यांच्या आणि त्यांच्यासारख्या बंद पडलेल्या अनेक लहान दालनांच्या वह्या, पावत्या, निमंत्रणपत्रिका, किमतींच्या याद्या, चित्रकारांची उधारीविषयीची पत्रे हे सर्व दस्तऐवज खाजगी मालमत्ता आहेत, आणि त्यांतील पुष्कळसे कागद मुंबईच्या त्याच दमट हवेत आहेत ज्या हवेपासून चौकटवाल्यांनी चित्रे वाचवली. पेशवे दफ्तराच्या एकेका रुमालासाठी आपल्या संशोधकांनी आयुष्ये वेचली. जहांगीरपासून हाकेच्या अंतरावर, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत, राज्याचे पुराभिलेखागार आहे. ज्या घराण्यांकडे आणि पेढ्यांकडे हे कागद असतील त्यांनी त्यांची सूची करून निदान एकेक प्रत तेथे सुपूर्द करावी, आणि पुराभिलेखागाराने त्यासाठी स्वतंत्र विभाग उघडून माहीतगार माणूस नेमावा. चित्रांच्या त्या व्यवहारांतील साक्षीदारांपैकी जे थोडे अद्याप हयात आहेत, त्यांच्याकडून याद्यांतील नावांची रुजवात करून घेण्यास अजून अवधी आहे.