तोफ झाल्यानंतरचे पुणे

रात्रीची तोफ झाली की पेशवाईतील पुण्याचे रस्ते रिकामे होत. त्यानंतर जो कोणी बाहेर सापडेल त्याला गस्तीचे शिपाई धरून नेत आणि सकाळपर्यंत अटकेत ठेवत. पेशव्यांच्या नोकरीत असलेला आयरिश अधिकारी विल्यम हेन्री टोन याने अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या वर्णनात ही वेळ रात्री दहाची दिली आहे. एकदा तर खुद्द पेशव्यालाच अवेळी बाहेर पडल्याबद्दल रात्रभर अटकेत राहावे लागले, असेही तो सांगतो. (हा टोन म्हणजे आयर्लंडचा सुप्रसिद्ध बंडखोर वुल्फ टोन याचा भाऊ.)

पेशव्याची गोष्ट रंगवून सांगितलेली असू शकेल. परंतु अशी गोष्ट सांगितली जावी, एवढा पुण्याच्या बंदोबस्ताचा दरारा होता, हे निश्चित.

या बंदोबस्ताचा प्रमुख तो कोतवाल. आज हा शब्द ऐकला की केवळ पोलीस अधिकारी डोळ्यांसमोर येतो, पण त्याचे काम त्याहून कितीतरी पसरलेले होते. पेठांमधील मोठे तंटे सोडवणे, बाजारभाव ठरवणे, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणे, घरे, बोळ आणि रस्ते यांचे वाद मिटवणे, सरकारी कामासाठी मजूर पुरवणे, शिवाय चोर पकडणे. महापालिका, न्यायालय, पोलीस आणि गुप्तहेर खाते अशी चारही कामे एकाच कचेरीत एकवटलेली होती.

आणि ही कचेरी सरकारला उत्पन्न मिळवून देणारीही होती. जुगाराचा दंड, बदकर्माचा दंड, बेवारस मालमत्ता, असे सारे सरकारी जमेत धरले जाई. कोतवालीच्या कागदांवरून ‘पुण्यात गुन्हे किती’ हे मोजायला निघालेल्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. ज्या कचेरीला गुन्ह्यापासून उत्पन्न मिळते, तिच्या वहीतील आकडा गुन्हेगारीइतकाच कचेरीच्या तत्परतेचाही असतो. शेजारपाजारच्या चहाडीवरून वसूल झालेला बदकर्माचा दंड आणि घर फोडणाऱ्या चोराची शिक्षा, दोन्ही एकाच वहीत बसतात.

१७७७ मध्ये या पदावर घाशीराम सावळदास आला. तो औरंगाबादकडचा, उत्तर हिंदुस्तानी ब्राह्मण. नाना फडणवीसांचा त्याच्यावर विश्वास होता. कारस्थानांनी भरलेल्या त्या काळात शहरातील बातमी राखणारा माणूस नानांना हवाच होता. पुढची चौदा वर्षे कोतवाली त्याच्याकडेच राहिली. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे त्याचे नाव घरोघरी पोहोचले खरे, पण नाटक म्हणजे इतिहास नव्हे. खरा घाशीराम समजून घ्यायचा तर १७९१ च्या ऑगस्ट महिन्याकडे वळावे लागते.

श्रावणातील दक्षिणेसाठी दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात येत. त्या वर्षी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी तिसांहून अधिक जण घाशीरामाच्या बागेत शिरले आणि त्यांनी तेथील फळे तोडली, अशी हकिकत आहे. रखवालदारांशी त्यांची बाचाबाची झाली. कोतवालाच्या माणसांनी त्यांना चोर ठरवून भवानी पेठेतील एका कोंदट कोठडीत कोंडले. ना चौकशी, ना पंचायत. पुढे सरदार मानाजी फाकडे याने कुलूप तोडवून कोठडी उघडली, तेव्हा वीसांहून अधिक माणसे गुदमरून मेलेली होती.

‘ते चोर होते’ हाच कोतवालाच्या बाजूचा बचाव होता. चौदा वर्षे हे उत्तर पुरत आले होते. कोणाला रात्री का धरले, याचे कारण कोतवालीला दुसऱ्या कोणाला द्यावे लागत नव्हते. या खेपेस मात्र मेलेले लोक ब्राह्मण होते आणि न्यायाधीश अय्याशास्त्री स्वतः तेलंगी होते. संतापलेला जमाव नानांच्या वाड्यापाशी जमला आणि हटेना. नानांनी अखेर आपला माणूस सोडून दिला. ३१ ऑगस्ट १७९१ रोजी घाशीरामाला जमावाच्या हवाली करण्यात आले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. हाही न्याय नव्हताच. कोठडीत जशी चौकशी झाली नव्हती, तशी येथेही झाली नाही. आणि त्या कोठडीत एखाद्या खालच्या मानल्या गेलेल्या जातीची वीस माणसे मेली असती, तर वाड्यापुढे असा जमाव उभा राहिला असता का, ही शंका मनातून जात नाही.

कोतवाल गेला, कोतवाली राहिली. टोनचे वर्णन घाशीरामाच्या मृत्यूनंतरच्या वर्षांतले आहे आणि तोफ तेव्हाही होत होती.

पण ज्या संकटापुढे तोफ आणि गस्त निरुपयोगी ठरली, ते चोरांच्या रूपाने आलेच नाही. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना फडणवीस स्वतःच दौलतराव शिंद्यांच्या छावणीत पकडले गेले. १७९८ मध्ये शिंद्यांचा सासरा सर्जेराव घाटगे याने पैशासाठी पुण्यातील सावकार आणि मातबर लोकांचा अनन्वित छळ केला. तापलेल्या तोफांना माणसे बांधल्याच्या कथा त्याच दिवसांतल्या. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरजवळची लढाई जिंकून यशवंतराव होळकर शहरात आले आणि पुढील काळात पुण्याला पुन्हा खंडणी सोसावी लागली. यांपैकी एकाही वर्षी घरफोड्या किती झाल्या हे मोजून शहराची अवस्था कळणार नाही.

मग १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयी अहवाल लिहिला. पुण्यात खून आणि जबरी चोऱ्या फार क्वचित होत, असा निर्वाळा या जेत्यानेच दिला आहे! कोतवालीवर महिना सुमारे ९ हजार रुपये खर्च होत असल्याचे तो सांगतो. त्यातून शिपाई, थोडे घोडेस्वार आणि पुष्कळ रामोशी ठेवले जात.

या रामोशांकडे नीट पाहिले पाहिजे. गावोगावचा पहारा त्यांच्याकडे असे. चोरी झाली की माग काढायचा आणि माल सापडला नाही तर भरपाईचा बोजाही उचलायचा, अशी जुनी रीत होती. चोर ओळखणारा माणूसच पहाऱ्यावर बसवायचा, यात गैर काही वाटत नसे. कंपनी सरकारच्या व्यवस्थेत मात्र पुरंदरच्या परिसरातील अनेक रामोशांची पहाऱ्याची कामे आणि हक्क गेले. त्यांच्यातून उभा राहिलेला उमाजी नाईक सरकारी कागदांत दरोडेखोर ठरला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्याला फाशी दिले गेले, ते पुण्यातच.